आईचा इजिप्तचा बेत

माझ्या आईला वाळवंट पाहायचं होतं. काशी नाही, रामेश्वर नाही, इजिप्तचं वाळवंट! पन्नासच्या दशकात गडचिरोलीत हे ऐकलं की लोक कपाळाला हात लावायचे. लावू देत. कपाळ त्यांचं, हात त्यांचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. एकदा भूगोलाचं पुस्तक घरी आणलं, त्यात वाळूतल्या उंटाचं चित्र होतं. आई तांदूळ निवडत बसली होती. तिने पुस्तक ओढून घेतलं.

"झाडं कुठी हायेत?"

"नाहीत."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

ती बघतच राहिली. जन्म झाडीत गेला तिचा. माहेर एटापल्लीकडचं, दारातून दहा पावलं टाकली की रान. सासरी बाबांचा टाल, लाकडाची वखार, म्हणजे घरातही झाडंच, फक्त आडवी. "मले एकदा दूरवर पाहाचं हाय," ती म्हणाली, "मधात काई नाई पाह्यजे." बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, टाल विकला होता, आणि तो पैसा तिचा होता.

मी मुंबईच्या एका प्रवास कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांचा छापील कार्यक्रम आला: बारा प्रवासी, एक मोटार, रोज पहाटे उठून नवं देऊळ. आईने तो चुलीजवळ ठेवून दिला. "तीस वर्स सगळ्याच्या मांगून जेवली मी. आता कोनाच्या मांग मांग फिरत नाई. माह्या मनासारखं करून दे म्हना त्याइले."

मग काय विचारता! आई सांगायची, मी लिहायची. मोटार एकटीची पाहिजे. तंबूत गालिचा पाहिजे, अंघोळीला ऊन पाणी पाहिजे. तांदूळ आपला, शिजवणारा त्यांचा, पण चव तिने घेतल्याशिवाय भांडं उतरवायचं नाही. बाई स्वतः उठेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. देवळं, थडगी एका दिवसात उरकायची आणि वाळवंटात एकाच जागी तीन दिवस नुसतं बसायचं. आणि तंबूच्या चारी बाजूंनी आगटी पेटवायची, वाघ येऊ नये म्हणून.

मी म्हटलं, आई, तिथे वाघ नसतो. तिने ऐकलं नाही, लिहायला लावलं. कचेरीतल्या गृहस्थांचं उत्तर मोठ्या अदबीने आलं, की तिथे वाघही नाही आणि आगटीला लाकूडही नाही. आई विचारात पडली. "लाकूड नाई, वाघ नाई. मंग थे लोक भेतात कोनाले?"

भ्यायला आमच्या घरी माणसं होती. बाबांचे थोरले भाऊ, माझे काका, म्हणजे आईचे भासरे. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई येत नाही, मग त्याच्याशी बोलणं दूरच. काका ओसरीवर, आई दाराआड, मध्ये मी. इकडचं तिकडे पोचवायचं, हे माझं लहानपणापासूनचं काम.

"सांग तुया मायले," काका म्हणाले, "रेती पाहाले परदेशात काऊन जाते? वैनगंगेत रेती कमी हाय का?"

दाराआडून उत्तर आलं, "सांग त्याइले, वैनगंगेच्या दोन्ही काठी झाडंच हायेत."

मी ते जसंच्या तसं सांगितलं, वर हसलेही. काकांनी सुपारी थुंकली. गावात आईला 'उंटावरची शहाणी' म्हणायला लागले होते. मला त्याचा संताप यायचा. ज्यांना चांद्यापलीकडचा रस्ता ठाऊक नाही, त्यांनी माझ्या आईला शहाणपण शिकवावं!

मग माझ्यासाठी स्थळ आलं. मी सव्वीस वर्षांची, त्याआधी तीन स्थळं परत गेलेली. मुलगा चांद्याला कचेरीत होता, हळू बोलायचा, माझ्याकडे बघून एकदाच हसला. मला तो आवडला होता. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

दुसऱ्यांदा मुलाचे वडील एकटे आले. पोह्यांची बशी हातात घेऊन काकांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय भाऊ. पन इहीनबाई एकल्या परदेशात फिरल्या, त लोकाइले तोंड काय दाखवाचं? थो बेत मोडा, माघात लगन लावू."

काका माझ्याकडे वळले. "इचार मायले."

मी आत गेले. आईने सगळं ऐकलं होतं. तिने माझा हात धरला. "सांग, नाई जात म्हना. मोडला बेत. तुयं लगन होऊ दे."

एवढं बोलून तिने मान खाली घातली. मला असा राग आला म्हणून सांगू! त्या पोहे खाणाऱ्याचा, काकांचा, आईचाही. मी बाहेर आले, काकांसमोर ताठ उभी राहिले.

"आई म्हणते, मी जाणार. सोयरीक ठेवायची तर ठेवा, नाही तर राहू द्या."

काकांनी दाराकडे पाहिलं. आईला भासऱ्याशी बोलता येत नव्हतं, पण दाराची कडी वाजवली असती तरी पुरे होतं. कडी वाजली की बाईचं म्हणणं वेगळं आहे, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. मला फटीतून तिचा हात दिसत होता. तो कडीवर होता. मुलाचे वडील बशी ठेवून उठले, चपला घातल्या, फाटकाबाहेर गेले. कडी वाजली नाही.

काका गेल्यावर तिने माझ्या पाठीत जोरात एक धपाटा घातला. "खोटी बोलली तू! तुया जन्माचा इचार केला का?"

"केला."

मग ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून रडली. "मले जाचं होतं वं," म्हणाली, "लय जाचं होतं."

पुढच्या थंडीत ती गेली. प्रवास कचेरीने सोबतीला मुंबईची एक वयस्क बाई दिली होती. तीन दिवस ती वाळूत बसली. पहिल्या दिवशी भीती वाटली, म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून उठवेना.

माझं लग्न झालं नाही. त्याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? लोक आजही म्हणतात, मायच्या हौसेपायी पोरगी राहिली. आईला बोल लावू नका. दाराआड तिने 'नाई जात' असंच सांगितलं होतं. खोटं मी बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.