चांदणीवाला आकडा

आमच्या अंधेरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. अख्ख्या कंपनीत एसी तेवढ्या एका खोलीत, त्यामुळे जो तो काहीतरी काम काढून आत यायचा आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जायचा. मी प्रोग्रॅमर, मालती सावंत डेटा एंट्रीला. दोघंही कुणाचं फारसं ऐकून घेणारे नव्हतो, म्हणून किस्से जरा जास्तच साठले.

* * *

पर्सोनेलच्या शिंदे साहेबांनी विचारलं, एकूण कामगार किती? मशीनला ‘काउंट’ म्हणायचं आणि कंसात काय मोजायचं ते द्यायचं. मी घाईत फोन नंबरचा कॉलम दिला. उत्तर आलं, तीन! तेव्हा फोन होता कुणाकडे? रकाना रिकामा असेल तर मशीन त्या माणसाला धरतच नाही. साहेबांनी चष्मा काढला. "बाकीचे संपावर गेले काय रे?"

* * *

मग मी कंसात चांदणी टाकली, म्हणजे की-बोर्डवरची ताऱ्याची खूण. एका माणसाची एक ओळ, आणि चांदणी म्हणजे ओळ दिसली की मोज, आत काही भरलेलं असो वा नसो. आकडा बरोबर आला, पण साहेबांना पटेना. फोन दिला तर तीन, चांदणी दिली तर सगळे, मग खरं कोण बोलतंय? मालती मान वर न करता म्हणाली, "दोन्ही खरंच आहे साहेब. तुम्ही विचारलंत काय, ते बघा ना."

* * *

एकदा साहेब नोटीस लावायला निघाले. पेंट शॉपवाले फार दांड्या मारतात, सरासरी माणशी वीस दिवस! खरं तर ज्यांनी एकही रजा घेतली नव्हती त्यांचे रकाने रिकामे होते, आणि सरासरी काढताना मशीनने त्यांना वगळलं होतं. उरले दोघे. एकाला कावीळ, दुसऱ्याचा पाय मोडलेला. ही नोटीस मी टाइप करणार नाही म्हटलं. साहेब भडकले. तोवर मालतीने रिकाम्या रकान्यांत शून्य भरून टाकलं, आणि पेंट शॉप कंपनीत सगळ्यात हजर निघालं.

* * *

आता परबांचं. बॉयलरवरचे परब, मालवणकडचे, चौदा वर्षं बदली कामगार. कायम करायच्या लोकांचा आकडा आमच्याकडून वर जायचा होता, जितका आकडा तितक्याच जागा. साहेबांनी जन्मतारखेचा कॉलम मोजायला लावला. परबांची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे ते गळले. आता कायम झाले नाहीत तर सरळ घरी. माझं डोकंच फिरलं. आकडा देईन तर चांदणीचा, नाहीतर दुसरा माणूस बघा, असं मी तोंडावर सांगितलं.

साहेब म्हणाले, मग टाका कुठलीतरी तारीख. मालतीने की-बोर्ड बाजूला सरकवला. "खोटं मी भरणार नाही. रिकामं आहे ते रिकामंच राहील, पण माणूस मोजायचा."

शेवटी चांदणीवालाच आकडा सही होऊन गेला, पण तो काही आमच्या दोघांमुळे नव्हे. परब दारातच उभे होते. साहेब त्यांच्यावर करवादले, की जन्मतारीख प्रत्येक माणसाला असतेच. परबांनी शांतपणे विचारलं, "साहेबांनू, तुमची खंयची?"

"एक जून."

"आमच्या मास्तरान अख्ख्या वर्गाची तीच लिवल्यान. मी त्या दिवशी शाळेत नव्हतंय."