शीटला झोळ येईपर्यंत

महिपती मरवड्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. कंपनी सुटली तरी तसाच. पहिल्या पाळीची बस खांब गावच्या नाक्यावर यायची, तेव्हापासूनची ही सवय. आता बस येत नाही, डोळा मात्र उघडतो. उठून तो पाणी तापवतो, बायकोच्या गुडघ्यांना तेल चोळतो आणि तिला हात देऊन मागच्या दारी नेतो. संडास घराच्या मागे आहे, पायऱ्या उतरून. तिला आत सोडून तो बाहेर उभा राहतो. उठायचं झालं की ती हाक मारते.

शांतीवहिनीचे गुडघे भाताच्या लावणीत आणि वालाच्या शेतात गेले. ती उकिडवी बसली तर आपलं आपण उठू शकत नाही. मागच्या पावसाळ्यात तिथेच पडली. तेव्हापासून तिने दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं, रात्री जावं लागू नये म्हणून. त्यामुळे लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या आणि उकिडवं बसू नका. दोन्ही जमायचं तर घरात कमोड हवा. तो पाऊस लागायच्या आत बसवायचा, असं महिपतीने ठरवलं. मुलगा अक्षय पनवेलला असतो. तो म्हणाला, मी बघतो. महिपती म्हणाला, "तू तुझ्या खोलीचे हप्ते बघ. हे माझं हाय."

महिपती आणि मी पोपट, आम्ही दोघे धाटावच्या एका कंपनीत एकाच खात्यात होतो. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढायची आणि औषधांचे, बिस्किटांचे ट्रे काढायचे, हे आमचं काम. ऐकायला सोपं आहे. शीट चौकटीत आवळायची आणि हीटरखाली सरकवायची. तापली की ती मऊ होते आणि मधोमध खाली लोंबते. त्याला आम्ही झोळ म्हणायचो. झोळ आला की चौकट साच्यावर दाबायची आणि पंप लावायचा. साच्याला बारीक भोकं असतात. पंप त्यांतून हवा ओढून घेतो आणि शीट साच्याला चिकटून बसते. कमी तापली तर कोपरे भरत नाहीत. जास्त तापली तर सुरकुत्या पडतात. लवकर काढली तर वेडीवाकडी होते, उशीर केला तर आवळून साचाच धरून बसते. मशीनवर घड्याळ होतं. बाकीचे घड्याळ बघायचे, महिपती झोळ बघायचा. उन्हाळ्यात आणि थंडीत झोळाला सारखा वेळ लागत नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या पाळीत माल जास्त निघायचा, त्याच्या पाळीत रद्दी कमी. माझी पाठ दुखायची, त्याची नाही. तो गरजेपेक्षा जास्त जोर कधीच लावत नसे.

पुढे कंपनीने जुनी हातमशीनं भंगारात काढली. त्यातलं एक पेणच्या सुशीलने उचललं. सुशीलचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीमागच्या प्रभावळी शीटमधून काढाव्यात असा त्याचा विचार होता. मशीन आलं, पण चालवणारा नाही. म्हणून अधूनमधून महिपतीला बोलावणं यायला लागलं.

मग कंप्युटरांवर घालायच्या झाकणांचं काम आलं, ते आणलं नथानियल अष्टमकरांनी. रोह्यात त्यांचं मोठं घर होतं. बहीण मिरियम, चुलते, भाऊ, सगळे एकेक करून इस्रायलला गेले. हे राहिले. त्यांचा पूर्वी कंप्युटरचा क्लास होता. तेव्हाचा कंप्युटर म्हणजे जाड कीबोर्डासारखा एक डबा. सगळं त्यातच, आणि पडद्याच्या जागी टीव्ही जोडायचा. क्लास बंद झाला तरी त्यांनी ती मशीनं टाकली नाहीत. उलट दुसऱ्यांनी टाकलेली गोळा करून दुरुस्त केली. आता ती पुढच्या खोलीत मांडलेली आहेत. शाळेतली मुलं बघायला येतात, त्यांना ते चालू करून दाखवतात.

त्यांना भीती धुळीची आणि ओलीची. कापड घातलं तर कापड ओल धरतं. पेटीत ठेवलं तर मशीन दिसत नाही. त्यांना पारदर्शक झाकणं हवी होती, मशीनच्या अंगाबरोबर बेतलेली. मुंबईत विचारलं, पण इतक्या थोड्या नगांसाठी साचा करायला कोणी तयार होईना. माझी मुलगी त्यांच्या क्लासात शिकली होती, त्या ओळखीने ते माझ्याकडे आले. मी महिपतीचं नाव सांगितलं.

मजुरी ठरली ती चांगल्या नगावर. बिघडलेल्या शीटला मजुरी नाही. ही अट अष्टमकरांनी घातली नाही, महिपतीनेच घातली. सुशीलनेही एक अट घातली. वैशाखापर्यंत मशीन आणि जागा मोकळी. त्यानंतर कच्च्या मूर्ती येऊन पडतील, मग पाय ठेवायलाही जागा नाही.

ठसा घ्यायला अष्टमकर कंप्युटरला प्लास्टर लागू देईनात. "महिपतीभाऊ, हात लावा, पण ओलं काही नको," असं म्हणाले. मग महिपतीने पट्टी लावून मापं घेतली, पुठ्ठा कापून उतार जुळवले. त्याच मापांवर, अंगाने किंचित मोठे, प्लास्टरचे साचे कारखान्यात ओतले. शीटही नुसती उचलून तापवता येत नाही. पेणच्या हवेत ती ओल पिते आणि तापवली की आत बुडबुडे उठतात. म्हणून मूर्ती सुकवायच्या खोलीत ती आधी सुकवायची. पहाटे चारला उठणारा माणूस त्यासाठी पहिल्या एसटीने पेणला यायचा.

सपाट कंप्युटरांची झाकणं नीट निघाली. पण ती थोडी होती. क्लासातली सगळी मशीनं दुसऱ्या जातीची. पुढे कीबोर्ड खाली बसलेला, मागे उंचवटा, मधे पायरी. मजुरी खरी त्यांच्यात होती. त्या पायरीच्या कोनात शीट बसवणं अवघड. म्हणून महिपतीने तिथे ओळीने भोकं पाडली, मागून रुंद आणि तोंडाशी बारीक. साचा सुशीलच्या मशीनजवळ ठेवून तो संध्याकाळी घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चौकट धरायला मी सोबत गेलो. शीट लावली. झोळ छान आला. दाबली, पंप लावला. बाजू चिकटल्या, वरचा भाग चिकटला, पायरीवर मात्र शीट ताणलेल्या तंबूसारखी अधांतरी राहिली.

"पंप कमी पडतोय," मी म्हणालो.

"पंप बोलतोय बरोबर. ऐक."

पंपाचा आवाज खरोखर बरोबर होता. तरी त्याने पाइप काढून बघितला. खालचं रबराचं पॅकिंग बघितलं, साबणाचं पाणी लावून गळती शोधली. गळती नव्हती. दुसरी शीट जरा जास्त तापवली. तंबू तसाच, वर सुरकुत्या. तिसरी त्याने कितीतरी वेळ झोळाकडे बघत तापवली. तीही गेली.

सुशील येऊन उभा राहिला. "काका, शीट संपली की झालं. नवी मागवेपर्यंत माझा माल येईल. मग मशीन वर माळ्यावर टाकायला लागेल."

"माहीत हाय."

"नाय, मी आपलं सांगून ठेवतो."

"सांगितलंस ना? मग जरा बाजूला हो. उजेड अडतोय."

महिपती खाली बसला. तीन शीट गेल्या म्हणजे काय गेलं, हे मला दिसत होतं. कमोडसाठी त्याने गवंड्याला शब्द दिला होता. मी म्हणालो, साचा थोडा उतरता करू, पायरी मोडू. तो म्हणाला, "मग झाकण मशीनला बसेल काय? पोपटा, सोपं करून चुकीचं कशाला करायचं?"

मग त्याने साच्यावरून हात फिरवला. पायरीच्या कोनात बोट नेलं. पुन्हा नेलं. मला म्हणाला, "तू बघ."

मी बोट फिरवलं. गणपतीच्या गालासारखं गुळगुळीत. भोक एकही नाही.

साचा उलटा केला. मागून भोकं होती तशी होती. तोंडं बंद.

कारखान्यात फिनिशिंगला गोदूबाई बसते. पेणमध्ये तिच्या हाताला नाव आहे. मूर्ती साच्यातून निघाली की अंगावर हवेची बारीक छिद्रं राहतात. ती भरायची, घासायची, परत हात फिरवायचा. हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून करते. छिद्र राहिलेली मूर्ती तिच्या हातून पुढे गेलेली कोणी पाहिलेली नाही.

महिपतीने हाक मारली. "गोदूबाई, हे कोणी बुजवलं गो?"

"मी." ती उठलीसुद्धा नाही. "काल जाताना बघितलं. म्हटलं, दादा दमून घरी गेला, काम तसंच ऱ्हायलं. केवढी भोकं पाडून ठेवलीस! ओळच्या ओळ! भरली, घासली, वरून लाखेचा हातबी दिला."

"ती मी मुद्दाम पाडली होती."

"मुद्दाम?" आता ती उठली. "भोकं कोण मुद्दाम पाडतो?"

"हवा जायला."

"कुठं?"

"पंपात."

सुशील हसायला लागला. "गोदूमावशी, आता याला गणपतीत बसवा. एवढं फिनिशिंग केलंत!"

"तू हसू नको. तुझ्या बापाच्या वेळेपासून भरते हाय, कधी कोणी सांगितलं नाय की भोक ठेवायचं असतं." मग ती महिपतीकडे वळली. तोंड उतरलं होतं. "किती वाया गेली रे, दादा?"

"गेली ती गेली. माझंच चुकलं. तुमच्या इथं साचा ठेवायचा तर तुमच्या पद्धतीनं सांगून ठेवायला पाहिजे होतं." त्याने ड्रिल उचललं.

"ते ठेव," गोदूबाई म्हणाली. "ते रेड्यासारखं घुसतं. कडा फुटतात, म्हणून तर मला दिसली ती. वरची पापडी पातळच हाय. कुठं कुठं भरलीत ते मला ठाऊक हाय."

तिने पदराला खोचलेली सुई काढली. उजेडाकडे तोंड करून बसली आणि एकेक भोक उघडायला लागली. सुई टोचायची, फिरवायची, फुंकर मारायची. बोट लावून पुढे जायची. एकही जागा तिने चाचपडली नाही. महिपती मागून रुंद बाजूने काडी घालून बघत होता. मी काय करणार? चहा आणला.

शीट लावली. चौकट हीटरखाली सरकवली. महिपती वाकून बघत होता. शीट आधी थरथरली, मग ताणली, मग सावकाश लोंबायला लागली. मी दोनदा चौकटीकडे हात नेला. त्याने मान हलवली. आणखी थोडं. मग म्हणाला, "हं."

दाबली. पंप लावला. पायरीच्या कोनात शीट आत गेली आणि कड उमटली, सरळ.

काढल्यावर महिपतीने झाकण खिडकीशी धरलं आणि कितीतरी वेळ तिरकं करून बघितलं. ड्रिलच्या भोकांवर शीटला बारीक पुटकुळ्या येतात. ट्रेला चालतात, काचेसारख्या शीटवर दिसतात. सुईच्या भोकांवर एकही आली नव्हती.

"गोदूबाई, बाकीच्या साच्यांचीबी भोकं तूच पाड."

"आधी भरू देत, मग पाडते," ती म्हणाली. सगळे हसले. सुशील सगळ्यात जास्त.

पुढचे काही दिवस ते दोघे समोरासमोर बसून साचे करायचे. महिपतीने तिची मजुरी आपल्यातून दिली. ती नको म्हणाली. तो म्हणाला, काम केलंस ना? मग तिने घेतली.

मूर्तींचा पहिला टेंपो दारात लागला त्या दिवशी शेवटचं झाकण निघालं. आम्ही झाकणं चादरींत गुंडाळून दुपारच्या गाडीने रोह्याला नेली. अष्टमकरांनी पुढची खोली झाडून ठेवली होती. पहिलं झाकण त्यांनी स्वतः घातलं. ते चारी बाजूंनी सारखं खाली गेलं, आतली हवा दबत दबत बाहेर आली. त्यांनी चष्मा लावला आणि झाकणावरूनच कीबोर्डावरची अक्षरं वाचून बघितली.

"महिपतीभाऊ, आता 'हात लावू नका' असं पोरांना ओरडायला नको. ओरडायची सवय मात्र जाणार नाही."

"ओरडा की," महिपती म्हणाला. "झाकणाला ठसे पडतील, ते कोण पुसणार?"

अष्टमकरांनी एकेक झाकण तपासलं. दोन झाकणांच्या कडा जरा तासायला हव्या होत्या, त्या महिपतीने तिथेच खाली बसून तासल्या. ते राहू द्या म्हणत होते. पुरं झाल्यावरच त्याने मजुरी घेतली.

ती मजुरी कमोडला लागली. पडवीच्या टोकाला भिंत उठली, पाइप गेला, फरशी बसली, दार लागलं. पाऊस अजून यायचा होता. गवंडी म्हणाला, धरायला भिंतीत दांडी बसवू, सगळीकडे अमुक उंचीवर बसवतात. महिपतीने त्याला थांबवलं. शांतीवहिनीला आत बसवलं आणि म्हणाला, "आता ऊठ. हात जाईल तिथं जाऊ दे."

"तुमी आधी बाहेर व्हा," ती म्हणाली. "दार नवीन लावलंय ते कशाला?"

"अजून ओलं हाय सगळं. आज नुसतं माप."

ती कुरकुरत उठायला लागली. उजवा हात आपोआप भिंतीवर गेला, गवंड्याच्या खुणेच्या वीतभर खाली आणि जरा पुढे. महिपतीने तिथे पेन्सिलीने रेघ मारली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. हात तिथेच गेला. दांडी त्या रेघेवर लागली.