“तुमचे भाऊ का हे?”

आमचं लग्न झालं तेव्हा दोघांत सारखं म्हणावं असं काहीच नव्हतं. मी उंच, घारी, कलकत्त्यातल्या भवानीपुरात मराठी घरात वाढलेली. ते माझ्याहून ठेंगणे, सावळे, फाळणीत पूर्व बंगालातलं घरदार सोडून आलेले. मी शिकवायचे त्याच शाळेत तेही भूगोल शिकवायचे. आईवडलांमागं मला मामांनी वाढवलं होतं. “जोडा शोभत नाही,” एवढंच मामा म्हणाले आणि लग्नाला आले नाहीत.

आम्ही टालीगंजला बिऱ्हाड केलं. तिथं एक भटकी कुत्री दाराशी आली ती राहिलीच. काही दिवसांनी शेजारणी म्हणू लागल्या, “ही तर अगदी मास्टरमोशायांसारखी बघते!” मास्टरमोशाय म्हणजे आमचे मास्तर, आणि खरंच होतं. काही विचारलं की हे मान डावीकडं कलती करून ऐकायचे, तशीच तीही करायची. मी खूप हसले. माझीही मान तशीच कलते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी मामेबहिणीचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला मामा स्वतः आले, पण बसले नाहीत.

“तू ये. त्याला आणू नकोस. मुलाकडचे पुण्याचे आहेत, उगाच चर्चा नको.”

“येऊ तर दोघं येऊ,” मी म्हटलं.

आणि दोघं गेलो. यांनी कोट-पाटलोण घातली होती. मांडवात नवऱ्या मुलाची आई आमच्याकडं बघत राहिली. मग जवळ येऊन मला म्हणाली, “तुमचे भाऊ का हे? चेहरेपट्टी अगदी एक आहे.”

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढं झाले. “हो, हो. मावसभाऊ.”

“भाऊ नाहीत,” मी मोठ्यानं म्हटलं, “माझे यजमान आहेत. बंगाली आहेत.”

यांनी शांतपणे हात जोडले.

“मग इतकं साम्य कसं?” बाईंनी विचारलं.

“रोज समोरासमोर बसून जेवतो, एकाच गोष्टीला हसतो, भांडतो तेही एकमेकांकडं बघूनच. चेहऱ्याला दुसरं काय येणार?”

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. लग्न यथासांग लागलं. मामांनी मला कोपऱ्यात गाठलं. “चारचौघांत माझी अब्रू घालवलीस.”

“आणि तुम्ही माझ्या नवऱ्याला माझा भाऊ केलंत, त्याचं काय?”

मामा पाहुण्यांकडं निघून गेले. आम्ही मात्र पंगतीत बसलो आणि जिलबी मागून घेतली.

मामांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. मीही गेले नाही. मामी अधूनमधून दुपारची येऊन जायची. एकदा माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, “तू आता आपल्यातली दिसतच नाहीस गं.”

“बरं झालं,” मी म्हटलं.