घोटमावशी आणि छोटे पेले

माझं आणि माझ्या सासूबाईंचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणाला वाटायचं, सून गोडवे गायला बसली. भाजीत मीठ किती इथपासून खिडकी उघडी ठेवायची की बंद इथपर्यंत आमचे वाद. पण पियानोबाईच्या घरच्या त्या चहापासून मी त्यांच्या बाजूची झाले, ती कायमची. आता त्यांच्याविरुद्ध कुणी एक शब्द काढून दाखवावा.

सासूबाई मोठ्या दवाखान्यात वॉर्डाच्या आया होत्या. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, अंग पुसणं, सगळं करायच्या, पण त्यांचं नाव झालं पाणी पाजण्यात. ज्या पेशंटला डॉक्टर, नर्स, पोटची मुलं, कुणीच काही पाजू शकत नसे, त्याच्या उशाशी या जाऊन बसायच्या. डावा हात मानेखाली, उजव्या हातात कप. "एक घोट. फक्त एक घोट घे राजा, मग मी जाते." घोट घेतला तरी जायच्या नाहीत, हे काय सांगायला पाहिजे? त्यावरून सगळा वॉर्ड त्यांना घोटमावशी म्हणायचा.

आमच्या गावात माणसं दोन रंगांची. वरच्या रस्त्याला गोरी, खाली गोदामांकडे आम्ही काळी. कायद्याने सगळे सारखे झालो त्याला खूप वर्षं झाली. 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या निघाल्या, पण पाटी काढली तरी भिंतीत खिळे राहतातच. उडदामाजी काळेगोरे निवडायचे नसतात म्हणे, इथे मात्र दोन्ही वेळ तेच निवडत बसलेले असतात.

तर वॉर्डात एक गोरी म्हातारी आली. घसा कोरडा ठणठणीत, पण सासूबाईंचा हात पुढे आला की ओठ घट्ट मिटायची. "दुसरी कुणी नाही का?" एवढंच विचारायची. सासूबाई म्हणाल्या, "आजी, हात काळा आहे, पाणी नाही. हवं तर पाण्यालाच विचारा." म्हातारीला हसू फुटलं, हसताना तोंड उघडलं, आणि तेवढ्यात यांनी घोट आत सोडला. पुढे ती म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीच घेईना. गेली तीही सासूबाईंचा हात धरून.

त्या म्हातारीची मुलगी म्हणजे पियानोबाई. वरच्या रस्त्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये पियानो वाजवायची, म्हणून आमच्या घरात तिचं हेच नाव. आई गेली त्या दिवशी ती सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "आजपासून तू माझी बहीण. आता आमच्या चर्चला यायचं, माझी शपथ आहे."

आमचं खालच्या अंगाला आपलं पत्र्याचं चर्च होतं की! तिथले लोक हसले. "घोटमावशीला चांदीचा प्याला दिसला," म्हणाले. सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. बहीण म्हणाली म्हणजे म्हणाली. त्या वर जायला लागल्या, लग्न होऊन आले तशी मीही त्यांच्यामागून. माझा नवरा येत नाही. तो म्हणतो, झोपायचंच तर घरी झोपतो.

त्या चर्चच्या बाकांवर कुणाची नावं लिहिलेली नव्हती. तरी गोरी माणसं पुढे आणि आमच्यासारखी चार-दोन घरं मागे. का? तर सवय. महिन्यातून एकदा प्रभूभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा. चांदीचा मोठा प्याला, दोन कानांचा. पाळकसाहेब पहिला घोट घेणार, मग पहिल्या बाकापासून प्याला हातोहात मागे. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तळाशी बोटभर द्राक्षरस आणि काठाला अख्ख्या वरच्या रस्त्याची लिपस्टिक. मी कुरकुरले की सासूबाई म्हणायच्या, "अगं, शेवटचा घोट गोड. साखर तळाशीच बसते."

एकदा मात्र चेष्टा बाजूला ठेवून बोलल्या. "जन्मभर मी लोकांना पाजत आले. पण माझ्या कपाला कधी कुणी तोंड लावलं नाही. इथे त्या प्याल्याला माझ्या या बहिणीचाही ओठ लागतो आणि माझाही. मला देवाकडे आणखी काही मागायचं नाही."

पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं. उजवा कान ठार, डावा अर्धामुर्धा. मागच्या बाकावर बसून त्या नुसते पाळकांचे हलणारे ओठ बघायच्या आणि सगळे 'आमेन' म्हणून गप्प झाले की यांचा 'आमेन' यायचा. पोरं खुसखुसायची. पियानोबाईच म्हणाली, "मागे कशाला बसतेस? पियानोजवळ ये, दुसऱ्या बाकावर. तिथे सगळं ऐकू येईल." सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. मला म्हणाल्या, "बघितलंस? मी सांगत नव्हते?"

पुढच्या प्रभूभोजनाला त्या दुसऱ्या बाकावर, शेजारी मी, हाताला धरायला. प्याला आला. त्यांनी प्याल्याचे दोन्ही कान धरून घोट घेतला, डोळे मिटून. मग मी घेतला आणि प्याला मागे दिला. आणि काय सांगू, एवढ्या माणसांना एकदम खोकला कसा आला! एक गृहस्थ प्रार्थनेत एवढे बुडाले की प्याला आल्याचं त्यांना कळेचना. एका बाईच्या मुलाला नेमकं तेव्हाच बाहेर जायचं होतं. मी मान वळवून सगळं बघितलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

पुढच्या महिन्यात मोठा प्याला नाही. एक थाळी आली आणि तिच्यात बोटभर उंचीचे छोटे पेले, प्रत्येकाला आपापला. पाळकसाहेबांनी सांगितलं, तापाची साथ आहे, आरोग्यासाठी हे बरं. सासूबाई खूश. दवाखान्यातल्या ना त्या! "उशिरा का होईना, शहाणपण आलं यांना," म्हणाल्या, आणि ते पेले धुवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. उकळत्या पाण्यातून काढायच्या, एकेक पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या. कपाटातला मोठा प्यालासुद्धा घासून ठेवायच्या. म्हणायच्या, साथ सरली की लागेल.

मी म्हटलं, "आई, ही साथ आपण पुढे बसल्यावरच कशी आली?"

"तुला मेलीला सगळीकडे काळंच दिसतं."

"दिसणारच. रोज आरशात बघते मी."

त्या चिडल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि मलाही तेवढीच विश्रांती.

साथ काही सरेना. वर्षं गेली. मग सासूबाईंच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, काही सांगता येत नाही. घाबरतील तर त्या घोटमावशी कसल्या! पण मला म्हणाल्या, "एकदा त्या प्याल्यातून घ्यायचंय. तिच्यानंतर मी, पूर्वीसारखं. मग काय व्हायचं ते होऊ दे." आणि शब्द टाकायला आम्ही पियानोबाईच्या घरी गेलो. ती आता चर्चच्या पंचांमध्ये होती.

दुपारची वेळ होती. तिने चहा केला, बिस्किटं ठेवली. सासूबाईंनी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, सरळ विचारलं, "पाळकसाहेबांना सांग ना. साथ कधीच गेली. माझ्या ऑपरेशनच्या आधी एकदा मोठा प्याला काढा. घासूनपुसून तयार आहे."

"बघू या हं. बिस्कीट घे ना."

"बघू नको, सांग."

पियानोबाई पियानोच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसत बसली. मग म्हणाली, "कसं सांगू तुला? साथबीथ काही नव्हती गं. तू पुढे बसायला लागलीस ना, तर काही लोक पाळकांकडे गेले. तुझ्यामागून प्याला घेणार नाही म्हणाले. तुला परत मागे बसवा, नाहीतर आम्ही चर्च सोडतो. तुला मागे जा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मग मीच छोटे पेले सुचवले. तुझ्यासाठीच केलं मी."

सासूबाईंनी डावा कान पुढे केला. "काय म्हणालीस? मोठ्याने बोल जरा."

पियानोबाईने माझ्याकडे पाहिलं. मी बघत राहिले. मी का मदत करू? ती आवाज चढवून म्हणाली, "लोकांना तुझ्यामागून प्यायचं नव्हतं! म्हणून मी पेले आणवले!"

"काय?"

मोठ्याने बोलताना माणसाला गोड बोलता येत नाही. शब्द कमी होत जातात आणि सालं निघतात. ती सासूबाईंच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "उष्टं! तुझं उष्टं नको होतं त्यांना!"

रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने खिडकीतून आत बघितलं. उष्टं! आणि आम्ही इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून प्यायलो, ते काय होतं? पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचं उष्टं आम्ही तळापासून पुसून घेतलं, आणि वर गोड म्हणालो. माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. पण सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणून मी गिळलं.

त्या पियानोबाईला म्हणाल्या, "ते लोक राहू देत. तुझं काय?"

"माझं काय गं? मी कधी तसलं काही मानलंय का? माझ्या आईचं तू..."

सासूबाईंनी बशीतला आपला अर्धा प्यालेला कप उचलला. डावा हात पियानोबाईच्या मानेमागे गेला, वॉर्डात जायचा तसाच. कप तिच्या तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "एक घोट. फक्त एक घोट घे."

पियानोबाईने कपाकडे बघितलं. तिचे ओठ मिटले. हुबेहूब तिची आई! मग ती हसली, अलगद मान सोडवून उठली आणि कप हातातून घेत म्हणाली, "गार झालाय गं हा. थांब, नवा करून आणते."

चहा गार झालेला नव्हता. वाफ येत होती, मी बघितलं. आत मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला, मग नळ सुटला. भांडी घासायचा काथ्या कपावरून फिरत होता, बराच वेळ. नवा चहा यायच्या आत आम्ही चपला घातल्या.

रस्त्यात मी नुसती धुमसत होते. ओठात एक आणि पोटात एक! केसाने गळा कापला त्या बाईने, आणि वर तुझ्यासाठीच म्हणे! परक्यांचं एक वेळ समजतं, ते तोंडावर 'दुसरी कुणी नाही का' विचारतात. हिने बहीण म्हणून बोलावलं, जवळ बसवलं आणि आमच्याच विरुद्ध आणलेले पेले इतकी वर्षं आमच्याच हाताने धुवून घेतले. मी म्हटलं, "आई, आणि तुम्ही तिला तीन-तीनदा बोलायला लावलंत. पहिल्यांदा ऐकू आलं नाही तेच बरं होतं."

सासूबाई चालता चालता थांबल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या.

"पहिल्यांदाच आलं होतं गं ऐकू," त्या म्हणाल्या. "वाटलं, परत विचारलं तर तिची जीभ तरी अडखळेल."

आणि तिथे, दिवसाढवळ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्या पदर तोंडात धरून रडल्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही.

त्यानंतर त्या वरच्या चर्चला गेल्या नाहीत. पत्र्याच्या चर्चलाही नाही. "कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणायच्या. ऑपरेशन झालं, निभावलं. आपल्याच जुन्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर त्या पडून होत्या. एका संध्याकाळी पियानोबाई फुलं घेऊन आली. चेहरा असा उजळलेला, जणू काही झालंच नव्हतं.

"अगं, आनंदाची बातमी! मोठा प्याला परत सुरू केला आम्ही. सगळ्यांनाच आवडलं. बरी हो लवकर आणि ये. तुझी इच्छा होती ना?"

मी मनात हिशेब केला. दुसरा बाक रिकामा झाला आणि पुढच्याच महिन्यात प्याला कपाटातून बाहेर आला. पियानोबाईच्या मात्र ते ध्यानीमनीही नव्हतं. ती खरोखर आनंदात होती.

सासूबाईंनी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "तिला सांग, मला ऐकू आलं नाही."

पियानोबाई खाटेच्या त्या बाजूला गेली. डाव्या कानाशी वाकली आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागली.