शिंगाड्याचा एक वेल

हदगावजवळच्या तळ्यात हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडणारे एक काका मला रोज भेटतात. तोडता तोडता पाखरांना शिव्या देतात.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही प्राणिशास्त्राचा. परवा काठाजवळच्या वेलावर कमळपक्ष्याची अंडी दिसली, तेव्हा ऐटीत ओरडलो, "काका, वेल ओढू नका, अंडी बुडतील! त्यांची आई उठून बाजूच्या पानावर गेलीय बघा."

"आई न्हाई, बाप हाय त्यो. ती अंडी घालून कवाच गेली. कालिजात एवढंबी शिकवलं न्हाई व्हय, सायेब?"

शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं मी.

शिंगाड्यांनी लगडलेला तो वेल तसाच सोडून काकांनी ट्यूब मागं घेतली आणि ते पाखरावर खेकसले, "बस की हरामखोरा, लेकरं गार पडतील!"