उस्ताद पुढच्या बाकावर

उतारू नेणाऱ्या आमच्या एका सर्व्हिस मोटारीत चार मोटारी होत्या, आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या आमच्या उस्तादांना त्या चारही तोंडपाठ होत्या. डावे दार नळदुर्गच्या एका वकिलाच्या गाडीचे, मडगार्ड सोलापूरच्या भंगारातले, एक दिवा लष्करी ट्रकचा. उरलेली तेवढी मूळची. नवा प्रवासी चढला की उस्ताद त्याला हे सांगत.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. नवा भाग सोलापुरात मिळत नव्हता, हैदराबादेतही नाही. मोटार धडकली की उस्ताद दुसऱ्या मोडलेल्या मोटारीचे भाग उतरवून आणत. प्रत्येक भाग दोरीला टांगून त्यावर हातोडी हलकेच मारत आणि डोळे मिटून आवाज ऐकत; चिरलेला भाग बहुधा बद्द वाजे. त्यांचा नियम एकच होता. "पत्रा कसाबी चालतो. स्टिअरिंगचा रॉड मात्र धडकलेल्या गाडीचा न्हाय घ्यायचा. आतली चीर दिसत न्हाय."

तुळजापूरच्या नवरात्राच्या तोंडावर बैलगाडी चुकवताना आमची मोटार बाभळीवर गेली. तोंड चेपले, रॉड वाकला. मालकांना सगळे अप्पा म्हणत. ते म्हणाले, "उस्ताद, देवीच्या गर्दीत गाडी उभी ठेवू व्हय? मिळंल तो रॉड बसवा."

"माझ्या हातनं न्हाय व्हायचं, अप्पा."

"मग दुसरा कुणीबी बसवंल. तुमच्यागत आवाज ऐकून बसवणार न्हाय, एवढंच."

उस्ताद उठून भंगारवाल्याकडे गेले. त्यांनी सहा रॉड वाजवून पाहिले, त्यातला एक बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक फेरीला जाऊ लागले. तिकिटाच्या खिडकीतून मी कारण विचारले. "लोकांना सांगितलं, रॉड जुना हाय. म्हणत्यात, आई हाय की वर. कुणी उतरंना. मग मीबी बसतो."

रॉड टिकला, आणि तेच वाईट झाले. दोन महिन्यांनी अप्पांची दुसरी मोटार नाक्याच्या भिंतीला धडकली, तेव्हा अप्पा एवढेच म्हणाले, "पहिली चालती की." तिलाही तसाच रॉड बसला. मोटारी दोन, सुटायची वेळ एक, उस्ताद एकटे.

मी तुळजापूरला तिकिटे फाडत असे. रोज सकाळी उस्ताद खिडकीशी येऊन विचारत, "बाबू, माणसं कुठल्या गाडीत जास्त?" मी सांगेन त्या गाडीत ते बसत.

त्या सकाळी सोलापूरच्या गाडीत बावीस होते, धाराशिवच्या गाडीत एकवीस. मी दोनदा मोजून सांगितले. घाटातल्या दुसऱ्या वळणावर सोलापूरच्या गाडीचा रॉड तुटला आणि गाडी डोंगराच्या अंगाला आदळली. बावीसही प्रवासी चालत परत आले. ड्रायव्हरचा हात मोडला. उस्ताद जागीच गेले.

दुसऱ्या दिवशी धाराशिवची गाडी नेहमीच्या वेळेला सुटली. तिच्यात तिचा तोच जुना रॉड होता. आत चोवीस माणसे होती. मी ती दोनदा मोजली, पण आकडा विचारायला खिडकीशी कुणी आले नाही.