ल्यूशसची नवी कवळी

ल्यूशस टॉलिव्हरला कवळी बसवायची अक्कल आमचीच. शिकागोच्या पश्चिमेकडच्या आमच्या वस्तीतला ब्लूज गाण्यांचा क्लब जळून गेला, पण त्या मोकळ्या जागेवर आम्ही अजून दर रविवारी दुपारी वाजवतो. मी गिटार, ओडेल ड्रम, ल्यूशस माउथ ऑर्गन आणि गायला मिस पर्लीन. म्हातारा बोळक्या तोंडानं डुकराच्या भाजलेल्या बरगड्या नुसत्या चोखत बसतो हे आम्हाला बघवेना, म्हणून लोकांत वर्गणीची बादली फिरवली आणि वाढदिवसाला त्याला दात दिले. तो रडलाच.

पुढच्या रविवारी हसत आला, पण बाजा काही खिशातून काढेना.

आता आमच्याकडे एक रीत आहे. आमच्या आईबापांना मिसिसिपीहून घेऊन आलेली आगगाडी आधी ल्यूशसच्या बाजातून सुटते, मगच बाकीची वाद्यं. ती गाडीची धून त्याला त्याच्या बापानं शिकवली, दुसऱ्या कुणाला अजून जमलेली नाही. ती सुटल्याशिवाय आम्ही कुणी वाद्याला हात लावत नाही. घरून खुर्च्या घेऊन आलेली माणसं ताटकळली.

"ओठ फुटलाय," ल्यूशस म्हणाला.

"सकाळी चर्चमध्ये तर बरा होता," ओडेल म्हणाला.

"मग नंतर फुटला. तुला विचारून फुटायला हवा होता का?"

मिस पर्लीन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "वाजव."

त्यानं वाजवलं. गाडी कसली, चहाची किटली शिट्टी मारत होती. आत कवळी खडखडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही प्रेमापोटी त्या माणसाचा सूरच काढून घेतला होता, आणि आमचं मन मोडू नये म्हणून तो बिचारा वाजवणं सोडायला निघाला होता.

मिस पर्लीननं हात पुढे केला. "काढ ते."

"अगं, तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेत..."

"दिलेत ना? मग आम्हीच मागतोय. आण इकडं."

ल्यूशसनं पाठ फिरवली, कवळी काढली आणि तिच्या रुमालात ठेवली. मग डोळे मिटून गाडी सोडली. रूळ, पूल, स्टेशनाआधीचं वळण, सगळं आलं. ओडेल उभा राहून ड्रम बडवायला लागला. मी रडत रडत वाजवत होतो, खोटं कशाला बोलू? मिस पर्लीन तर रुमाल मुठीत धरूनच गायली.

संध्याकाळी भाजलेल्या बरगड्यांचं ताट आलं, तसा ल्यूशसनं तिच्यापुढे हात पसरला.

"आता दे माझे दात."